फोननिर्णयसिंधू

दोन वचने एकमेकांच्या विरुद्ध जात असतील तर शहाण्या माणसाने कोणते प्रमाण मानावे, हा पेच आपल्याकडे फार जुना असून तो सोडवण्यासाठी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधू’ रचला, पुढे पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधू’ सिद्ध केला, आणि एकादशी दोन दिवशी येत असेल तर उपास नेमका कधी धरावा यासारख्या नाजूक प्रश्नांतून कित्येक पिढ्यांची सुटका केली. मात्र दीड लाख रुपये, किंवा तेवढ्या रकमेचे कर्ज मिळण्याची पात्रता, खिशात घेऊन मोबाइलच्या दुकानात शिरलेला आणि एका हातात आयफोन, दुसऱ्या हातात गॅलेक्सी धरून घामाघूम झालेला गृहस्थ काय करील, याविषयी हे दोन्ही सिंधू कोरडे आहेत. ती उणीव काही अंशी भरून काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. अशा फोनांना ‘फ्लॅगशिप’ म्हणतात. हा शब्द मूळचा आरमारातला असून ज्या जहाजावर सेनापतीचे निशाण फडकते त्या जहाजाला तो लावला जात असे. व्यापारात त्याचा अर्थ कंपनीने बनवलेली सर्वांत मिरवण्याजोगी, आणि म्हणूनच सर्वांत महाग, वस्तू असा झाला. या स्थित्यंतरात एक बारीकसा फरक मात्र पडला. आरमारात निशाण आणि जहाज दोन्ही एकाच धन्याची असत. इथे निशाण कंपनीचे आणि जहाज गिऱ्हाइकाचे असते, त्यामुळे ते संडासात पडून बुडाले तर बुडालेले तेही त्याचेच समजले जाते.

अभ्यासासाठी ९ सप्टेंबर २०२४ रोजी जाहीर झालेला ॲपलचा आयफोन १६ प्रो मॅक्स आणि २२ जानेवारी २०२५ रोजी जाहीर झालेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस २५ अल्ट्रा ही जोडी घेणे सोयीचे ठरते, कारण या दोघांहून नवे फोन आता बाजारात आले असल्याने, निकाल लागून गेलेल्या खटल्याचे दप्तर चाळावे तितक्या शांत चित्ताने त्यांच्याकडे पाहता येते. ज्या काळी हा खटला चालू होता त्या काळी मात्र चित्त शांत असलेला एकही पक्षकार आढळत नसे. मित्रांच्या बैठकीत राजकारणावरून जी कटुता येत नाही ती या विषयावरून येई.

आता या दोन वस्तूंमधला भेद पाहावा. आयफोनची उंची १६३ मिलिमीटर आहे, गॅलेक्सीची १६२.८. रुंदी दोघांचीही ७७.६ मिलिमीटर, म्हणजे दशांश चिन्हापलीकडच्या अंकापर्यंत एकच. जाडी एकाची ८.२५, दुसऱ्याची ८.२. उंचीतला फरक शाळेच्या वहीच्या दोन पानांइतका आणि जाडीतला फरक त्यातल्या एका पानाच्या निम्म्याइतका आहे, असे म्हटले तर विषयाची व्याप्ती लक्षात येईल. पडदा दोघांचाही ६.९ इंचांचा. चौकट दोघांचीही टायटॅनियमची, म्हणजे विमानांत व कृत्रिम सांध्यांत वापरल्या जाणाऱ्या हलक्या पण चिवट धातूची. वजनात मात्र आयफोन २२७ ग्रॅम आणि गॅलेक्सी २१८ ग्रॅम, असा नऊ ग्रॅमांचा, म्हणजे कपभर चहात पडणाऱ्या दोन चमचे साखरेइतका, भेद आहे. हाच भेद तोलण्यासाठी गिऱ्हाईक दोन्ही तळहातांवर दोन फोन ठेवून, डोळे मिटून, सराफाच्या तराजूसारखे हात वर-खाली करीत उभे राहते आणि थोड्या वेळाने गंभीरपणे ‘हा जरा जड वाटतो’ असा अभिप्राय देते. फोन अदलाबदल करून दिले तरी अभिप्राय त्याच हाताविषयी कायम राहतो, हे दुकानातील पोरांना चांगले ठाऊक असते.

बाह्यांगाची ही कथा. अंतरंगात शिरावे तर अद्वैत अधिकच गडद होते. आयफोनची काच आणि गॅलेक्सीची काच यांना निरनिराळी भारदस्त नावे असली तरी दोन्ही काचांच्या मुळाशी कॉर्निंग ही एकच अमेरिकन कंपनी आहे. दोन्ही फोनांचे मेंदू, म्हणजे ज्यांना प्रोसेसर म्हणतात त्या नखाएवढ्या चिपा, तैवानच्या टीएसएमसी या एकाच कारखानदाराने तीन नॅनोमीटर म्हटल्या जाणाऱ्या एकाच पद्धतीने घडवलेल्या आहेत. आणि आयफोनच्या पडद्यांचा मोठा पुरवठादार कोण, तर सॅमसंगच्याच समूहातली पडदे बनवणारी कंपनी. थोडक्यात, आयफोन घेणाऱ्याने सॅमसंगला धडा शिकवला म्हणून मिशीला पीळ भरावा, तर त्यातले काही पैसे सॅमसंगच्याच गल्ल्यात जाऊन पडतात. समोरासमोरच्या दोन मिसळवाल्यांपैकी अस्सल कोण यावरून गावात दोन तट पडावेत आणि दोघांचेही फरसाण एकाच भट्टीतून येत असावे, तसाच हा प्रकार आहे.

इतके साम्य असलेल्या घराण्यांत कोर्टकचेरी झाली नसती तरच नवल. एप्रिल २०११ मध्ये ॲपलने सॅमसंगवर नक्कल केल्याचा दावा लावला. दाव्यातल्या अनेक कलमांपैकी लोकांच्या लक्षात राहिले ते गोलाईदार कोपऱ्यांच्या आयताचे, कारण कोपरे घासून गोल केलेल्या आयतावर कोणाची मालकी असू शकते ही कल्पनाच, घरी पाट आणि पोळपाट असलेल्या समाजाला, नवीन होती. ऑगस्ट २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील न्यायालयात ज्यूरीने सॅमसंगला सुमारे १०५ कोटी डॉलरांची भरपाई ठोठावली. त्यानंतर अपिले, फेरमोजणी, सर्वोच्च न्यायालय अशी सगळी ठाणी घेत हा वाद जून २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. बांधावरून सात-सात वर्षे भांडणाऱ्या आपल्याकडच्या भाऊबंदांना यात अपरिचित असे काही वाटू नये. गंमत अशी की, मधली काही वर्षे आपल्या अल्ट्राचे कोपरे टोकदार ठेवणाऱ्या सॅमसंगने एस २५ अल्ट्राचे कोपरे गोल केले, आणि तो फोन जगापुढे मांडण्यासाठी जे शहर निवडले तेही सॅन होजेच.

दोन कंपन्यांच्या परस्परसंबंधांत आणखी एक नियम दिसतो, ज्याला अधिक चांगल्या नावाअभावी ‘चेष्टापूर्वसूचना न्याय’ म्हणता येईल. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोन लावायचे गोल छिद्र गेले तेव्हा सॅमसंगने त्याची थट्टा केली आणि २०१९ मध्ये नोट १० मधून तेच छिद्र गुपचूप बुजवले. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने खोक्यातला चार्जर काढून घेतला तेव्हा सॅमसंगने आपल्या खोक्यातला चार्जर मोठ्या अभिमानाने मिरवला, आणि जानेवारी २०२१ मध्ये एस २१ चे खोके उघडणाऱ्यांना चार्जरच्या जागी पोकळी सापडली. सॅमसंगची चेष्टा ही चेष्टा नसून सूचना असते, हे ध्यानात ठेवणाऱ्या ग्राहकाला पुढल्या वर्षी काय नाहीसे होणार याचा अंदाज पंचांगापेक्षा बरा बांधता येतो.

वादाचे खरे रणक्षेत्र मात्र कॅमेरा हे आहे, आणि तिथे थोडे थांबणे भाग आहे. गॅलेक्सीच्या मुख्य कॅमेऱ्याला २०० मेगापिक्सेल, म्हणजे चित्र टिपणारे २० कोटी सूक्ष्म ठिपके आहेत. आयफोनच्या मुख्य कॅमेऱ्याला ४८ मेगापिक्सेल आहेत. २०० ही संख्या ४८ पेक्षा मोठी असते हे शाळेतच शिकवलेले असल्याने वाद इथेच संपावा, पण तसे होत नाही. इतके ठिपके एवढ्याशा जागेत कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश फार थोडा येतो, म्हणून फोन स्वतःच शेजारपाजारचे सोळा ठिपके एकत्र करून त्यांचा एक मोठा ठिपका मानतो आणि २०० मेगापिक्सेलांचे साडेबारा करून टाकतो. या क्रियेला ‘पिक्सेल बिनिंग’ म्हणतात. ‘एक गाव, एक गणपती’ या तत्त्वाचाच हा तांत्रिक अवतार होय: सोळा मंडळांनी सोळा मांडव घालून सोळा मिणमिणते दिवे लावण्यापेक्षा वर्गणी एकत्र करून एकच मांडव घातला, तर रोषणाई नजरेत भरते. आयफोनही आपल्या ४८ चे सहसा २४ करतो. म्हणजे ज्या संख्येसाठी पैसे मोजले ती संख्या फोन घरी आल्यावर आपण होऊन कमी होते, आणि उरलेली व्हॉट्सॲपवर पाठवताना, मुद्दाम अधिक स्पष्टतेचा पर्याय निवडला नाही तर, आणखी आक्रसून साधारण दोन मेगापिक्सेलांवर येते. तळेगावातल्या मावशीपर्यंत पोचलेल्या फोटोत मूळच्या २०० पैकी किती उरले, हा हिशेब करणाऱ्याने तो करून मनातच ठेवावा.

दूरचे जवळ दाखवण्याच्या शक्तीविषयीही हाच भाविकपणा आढळतो. गॅलेक्सीत शंभरपट जवळ जाता येते, आणि शंभरपट जवळ जाऊन पाहण्यासारखी वस्तू सामान्य माणसाच्या आयुष्यात चंद्राखेरीज दुसरी नसल्याने प्रत्येक मालक पहिल्या पौर्णिमेला गच्चीवर जातो. मार्च २०२३ मध्ये, एस २३ अल्ट्राच्या काळात, एका चिकित्सकाने मुद्दाम धूसर केलेले चंद्राचे चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून दूरवरून त्याचा फोटो काढला, तेव्हा मूळ चित्रात नसलेले बारकावेही फोनने त्यात उमटवले. कृत्रिम बुद्धिमत्ता चंद्र ओळखून त्याचे तपशील खुलवते, असे स्पष्टीकरण त्यावर कंपनीने दिले. फोन चंद्राकडे पाहून चंद्र आठवतो, असा याचा अर्थ होतो. कोजागिरीला आटीव दुधाच्या पातेल्यात उतरणारा चंद्र यापेक्षा अधिक खरा म्हणावा की नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञांवर सोपवणे इष्ट.

हे झाले शास्त्र. लोकव्यवहार पाहायचा तर कोणत्याही दीड-लाखी फोनची चित्रशाळा उघडून पाहावी. तिच्यात विजेच्या मीटरच्या आकड्याचा फोटो असतो. मॉलच्या तळघरात गाडी लावलेल्या खांबावरचा ‘बी २, १४’ असा क्रमांक असतो. औषधाच्या पट्टीची मागची चंदेरी बाजू असते, सोसायटीच्या फळ्यावरची ‘पाणी दुपारी बंद राहील’ ही सूचना असते, आणि किराणा मॉलमधल्या फडताळापुढे उभे राहून, ‘हीच का गं?’ या प्रश्नासह पत्नीला पाठवलेला तूरडाळीच्या पाकिटाचा फोटो तर हमखास असतो. ती डाळ ती नसते, हा अनुभव दोन्ही पक्षांच्या फोनांना सारखाच येतो.

पडद्याच्या तेजाविषयी दोन वाक्ये पुरेत. ते ‘निट’ या एककात मोजतात, एक निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला, आणि उन्हात गॅलेक्सी २,६०० निटांपर्यंत तर आयफोन २,००० निटांपर्यंत जातो. अकोल्यात मे महिन्यात दुपारी दोन वाजता हा फरक स्पष्ट जाणवावा, पण तो पाहायला त्या वेळी घराबाहेर पडणारा इसम अकोल्यात मिळत नाही. गॅलेक्सीच्या पोटात बसणाऱ्या लेखणीची गोष्ट मात्र करुण आहे. तिच्यातली ब्लूटूथची सोय, जिच्या साहाय्याने दूर उभे राहून फोटो काढता येई, एस २५ अल्ट्रात काढून टाकण्यात आली, तेव्हा जिचा वापर आजन्म केला नाही त्या सोयीसाठी लोकांनी टाहो फोडला; ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या घरी तेव्हा फोन नव्हता, तरी अनुभव तोच होता.

मूल्याचा विचार टाळता येत नाही. भारतात आयफोन १६ प्रो मॅक्सची किंमत २५६ जीबी साठवणीला १,४४,९०० रुपयांपासून आणि गॅलेक्सीची तेवढ्याच साठवणीला १,२९,९९९ रुपयांपासून सुरू झाली. अंतर १४,९०१ रुपयांचे. हे अंतर वर सांगितलेल्या नऊ ग्रॅमांवर वाटले तर आयफोनमधल्या प्रत्येक जादा ग्रॅमला सुमारे १,६५६ रुपये पडतात, असा हिशेब गॅलेक्सीपक्षाचा एखादा हिशेबी भक्त मांडू शकेल आणि त्यात गणिताची चूक काढता येणार नाही. त्याचे खरे शस्त्र मात्र पुढचे असते: ५१२ जीबीचा गॅलेक्सी १,४१,९९९ रुपयांना, म्हणजे २५६ जीबीच्या आयफोनपेक्षाही स्वस्त. इथे ‘स्वस्त’ हा शब्द तो मनापासून वापरतो, आणि ऐकणाऱ्यालाही तो खटकत नाही, यातच या व्यवहाराचे मर्म आहे. एकदा सव्वा लाखाची पायरी चढलेला माणूस वीस हजारांकडे सुट्या पैशांसारखे पाहू लागतो. हाच माणूस दुकानातून बाहेर पडताच कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांची घासाघीस करतो आणि जिंकतो. दसऱ्याच्या सुमारास, साडेतीन मुहूर्तांपैकी एक साधण्याच्या निमित्ताने, बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या चोवीस हप्त्यांची सोय समोर येते, १,४४,९०० चे ‘महिना फक्त ६,०३८’ होतात, आणि ज्या घरात नव्या पंख्याचा विषय गेल्या उन्हाळ्यापासून पडून आहे तिथे फोनचा विषय एका संध्याकाळीत मार्गी लागतो.

सल्लागारांचा वर्ग या विवेचनातून वगळता येणार नाही. त्यात माहिती तंत्रज्ञानातला भाचा अग्रस्थानी असतो, मग ऑफिसातला एक सहकारी आणि मग मेहुणा. या सर्वांच्या सल्ल्याचे एक समान लक्षण असे की, ज्याच्या खिशात जो फोन असतो तोच तो सुचवतो. कारण दुसरा चांगला आहे असे म्हणणे म्हणजे आपले सव्वा लाख चुकले अशी कबुली देणे होय, आणि अशी कबुली आपल्याकडे लग्नाविषयीसुद्धा सहसा कोणी देत नाही. न्यू जर्सीत राहणारा चुलतभाऊ असेल तर तो आयफोनच घ्यावा असे निक्षून सांगतो. त्याच्या मुलुखात आयफोनवरून आयफोनखेरीज दुसऱ्या फोनला धाडलेला निरोप हिरव्या फुग्यात दिसतो आणि त्यावरून शाळकरी पोरे एकमेकांना हिणवतात, असा त्याचा अनुभव असतो; इथे सगळ्यांचेच सगळे निरोप व्हॉट्सॲपच्या एकाच रंगात येत असल्याने हा वर्णभेद आपल्याला समजत नाही, ही क्वचित मिळणाऱ्या समाधानांपैकी एक बाब आहे. विक्रेत्याचे मत विचारणे मात्र व्यर्थ असते. तो गिऱ्हाइकाची नजर कुठे अडकली आहे ते पाहतो आणि म्हणतो, ‘साहेब, तुमचा चॉइस बरोबर आहे’; हे वाक्य तो दोन्ही टेबलांपाशी म्हणतो.

अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये असे मांडले की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला सापडला की थांबतो; या वृत्तीसाठी त्यांनी इंग्रजीत ‘पुरेसे’ आणि ‘समाधान’ यांचा सांधा जोडून एक नवा शब्द रूढ केला, आणि पुढे १९७८ मध्ये, संस्थांमध्ये निर्णय कसे घेतले जातात यावरील कामासाठी, त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यासाठी सायमन यांना नवा शब्द हुडकावा लागला त्यासाठी कोल्हापुरात ‘चालतंय की’ हा प्रयोग आयता उपलब्ध आहे. पण तेच कोल्हापूरकर फोनच्या दुकानात शिरले की त्यांनाही ते चालत नाही. पर्याय वीस असते तर त्यांतला एखादा डोळे मिटून उचलला गेला असता. ते दोनच असल्यामुळे दुसऱ्याचे तोंड सारखे समोर दिसत राहते. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो अन्न कमी असते म्हणून नव्हे, हे इथे आठवावे.

अखेर निर्णय होतो, आणि तो कसा झाला हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. हवा तो रंग एकाच फोनमध्ये शिल्लक होता, पार्किंगची वेळ संपत आली होती, किंवा बरोबर आलेल्या मुलीला भूक लागली होती, अशी कारणे चौकशीअंती बाहेर येतात. त्यानंतरचा विधी मात्र दोन्ही पक्षांत अगदी एकच आहे. फोन खोक्यातून निघाल्यापासून दहा मिनिटांच्या आत तो शेजारच्या टपरीवर नेला जातो. तिथला मुलगा आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पडदा पुसतो, धुळीचा कण टिपायला निळी चिकटपट्टी फिरवतो, श्वास रोखून काच टेकवतो आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने आतली हवा बाहेर ढकलतो. एक बुडबुडा कोपऱ्यात उरतोच, आणि ‘दोन दिवसांत जाईल’ असे तो सांगतो. जातो किंवा नजरेला सवय होते. मग टायटॅनियमची ती चौकट, जिच्यावरून तीन आठवडे खल झाला, दोनशे रुपयांच्या काळ्या रबरी कव्हरात कायमची झाकली जाते, आणि यापुढे ती पाहण्याची संधी सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला मिळते, मालकाला नाही.

वाद तरीही थांबत नाही; खरेदीनंतर तर माणूस तुलनेचे व्हिडिओ अधिकच निष्ठेने पाहतो, कारण आता त्याला निकाल आधीच ठाऊक असतो आणि फक्त साक्षीदार हवे असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र या निष्ठेची कठीण परीक्षा झाली. दोन वर्षे टायटॅनियमची महती गाऊन झाल्यावर ॲपलने आयफोन १७ प्रो मॅक्स आणला, त्याची किंमत १,४९,९०० रुपयांपासून ठेवली, आणि उष्णता लवकर वाहून नेतो या कारणास्तव त्याचे अंग ॲल्युमिनियमचे केले. जे टायटॅनियमपक्षीय होते ते दोन दिवस गप्प राहिले व तिसऱ्या दिवशी उष्णतावहनावर बोलू लागले. ॲल्युमिनियमला आपल्याकडच्या जुन्या बायका ‘जर्मन’ म्हणतात. जर्मनचा टोप, जर्मनचे पातेले असे शब्द अजून कित्येक स्वयंपाकघरांत ऐकू येतात. त्या स्वयंपाकघरांतल्या कोणा आजींच्या हाती नातवाने हा नवा फोन दिला आणि तो कशाचा बनला आहे हे कौतुकाने सांगितले, तर त्या तो उलटसुलट करून पाहतील आणि एवढेच बजावतील की, यात आंबट काही ठेवू नकोस.